भूगोलाची पाच सूत्रे : एक चिकित्सा

१

कोणत्याही शास्त्राच्या अध्यापनात प्रवेशाचा प्रश्न वाटतो तितका गौण नसतो. विद्यार्थी ज्या दाराने शास्त्रात शिरतो त्या दाराची चौकट पुढे दीर्घकाळ त्याच्या दृष्टीभोवती राहते. भूगोलाच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. कारण या शास्त्राला केवळ स्वतःची म्हणता येईल अशी वस्तू नाही. खडक भूविज्ञानाकडे गेले, वनस्पती वनस्पतिशास्त्राकडे, बाजारपेठा अर्थशास्त्राकडे, आणि मनुष्य तर सर्वच शास्त्रांनी आपापसांत वाटून घेतला. भूगोलाकडे उरते ती एक विशिष्ट दृष्टी. ती दृष्टी आरंभीच दिली गेली नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती राजधान्या, नद्या आणि पिके यांची यादी तेवढी राहते, आणि या यादीलाच तो भूगोल समजू लागतो.

ही दृष्टी थोडक्यात देण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांपैकी शालेय व महाविद्यालयीन अध्यापनात अत्यंत रूढ झालेला प्रयत्न म्हणजे 'पाच सूत्रां'ची योजना होय. स्थान, स्थळ, मानव आणि पर्यावरण यांची आंतरक्रिया, अभिसरण आणि प्रदेश अशी ही पाच सूत्रे सांगितली जातात. पदव्युत्तर वर्गातील आपले अनेक विद्यार्थी उद्या स्वतः अध्यापक होणार आहेत, आणि त्यांच्या हाती ही योजना कोणत्या ना कोणत्या रूपाने येणारच आहे. यास्तव तिचा उगम, तिचे गुण आणि तिच्यातील उणिवा यांचा विचार येथे करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे प्रथमच सांगून टाकणे बरे. ही पाच सूत्रे म्हणजे एकाच वस्तूला विचारावयाचे पाच प्रश्न आहेत. त्यांचे विषयाचे पाच कप्पे केले की प्रत्येक उत्तर बरोबर येऊनही भूगोल हातचा निसटतो.

२

या योजनेचा जन्म अमेरिकेत झाला. तेथील शाळांत भूगोल हा विषय 'सामाजिक अभ्यास' या व्यापक विषयात जवळजवळ विरून गेला होता, आणि विद्यार्थ्यांच्या भौगोलिक अज्ञानाविषयी सार्वजनिक चिंता व्यक्त होऊ लागली होती. त्या परिस्थितीत अमेरिकन भूगोलज्ञांची संघटना आणि तेथील भूगोल-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद यांच्या संयुक्त समितीने १९८४ मध्ये प्राथमिक व माध्यमिक शाळांकरिता मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्यांत ही पाच सूत्रे मांडली. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने पुढे त्यांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार केला. आंतरराष्ट्रीय भूगोल संघाच्या १९९२ च्या भूगोल-शिक्षणविषयक सनदेतही जवळजवळ याच पाच संकल्पना, काहीशा विस्तृत नावांनी, मध्यवर्ती म्हणून स्वीकारलेल्या आढळतात.

योजनेचा पहिला गुण तिच्या संक्षेपात आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत भूगोलाचे जे राष्ट्रीय मानदंड तयार झाले त्यांत सहा मूलघटक आणि अठरा मानदंड होते. ते अधिक परिपूर्ण होते यात शंका नाही. तथापि अठरा गोष्टी लक्षात ठेवून कोणीही वर्गात उभा राहत नाही. पाच सूत्रे हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि म्हणूनच नवे मानदंड आल्यावरही अध्यापकांनी त्यांचा त्याग केला नाही. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. या योजनेने भूगोलाला वर्णनाच्या पलीकडे नेऊन संबंधांकडे वळविले. एखादे गाव कोठे आहे एवढे सांगून न थांबता ते तेथेच का आहे, ते कशामुळे तसे झाले आणि इतर गावांशी त्याचे काय नाते आहे, हे विचारण्याची सोय तिच्यात आहे.

विल्यम पॅटिसन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या भूगोलाच्या चार परंपरांशी या योजनेची तुलना उद्बोधक ठरेल. अवकाशीय परंपरा, क्षेत्रीय अभ्यासाची परंपरा, मानव आणि भूमी यांच्या संबंधाची परंपरा आणि भूविज्ञानाची परंपरा अशा त्या चार होत. भूगोलज्ञांनी आजवर प्रत्यक्षात काय केले याचा तो आढावा होता. उलट पाच सूत्रे विद्यार्थ्याने काय विचारावे हे सांगतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यास एक गोष्ट लक्षात येते. पॅटिसन यांची चौथी परंपरा, म्हणजे पृथ्वीच्या प्राकृतिक प्रक्रियांचा स्वतंत्र अभ्यास, पाच सूत्रांत कोठेच स्वतःच्या पायावर उभी नाही. भूरूपे आणि हवामान तेथे येतात ते स्थळाचे 'गुणधर्म' म्हणून अथवा मानवाचे 'पर्यावरण' म्हणून. या उणिवेकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

३

मूळ दस्तऐवजात सूत्रांची नावे आज वर्गात सांगितली जातात तितकी त्रोटक नव्हती, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. तिसऱ्या सूत्राचे शीर्षक स्थळाच्या अंतर्गत असलेल्या संबंधांविषयी होते आणि चौथ्यात अभिसरणाबरोबर पृथ्वीवरील माणसांच्या परस्पर आंतरक्रियेचा उल्लेख होता. पाचव्यात प्रदेश कसे घडतात व कसे बदलतात, असा स्पष्ट निर्देश होता. म्हणजे मूळ मांडणीत 'संबंध' आणि 'आंतरक्रिया' हे शब्द येत होते आणि प्रदेशाच्या पाठीमागे दोन क्रियापदे उभी होती. पाठांतराच्या सोयीसाठी नावे आखूड झाली, आणि आखूड होताना नेमके हेच शब्द गळाले. चौथ्या सूत्रात नुसते 'अभिसरण' उरले आणि त्याखाली रस्ते, लोहमार्ग व बंदरे यांची नोंद होऊ लागली. 'प्रदेश कसे घडतात' याचा नुसता 'प्रदेश' झाला, आणि तो एखाद्या तयार वस्तूसारखा नकाशावर दाखविला जाऊ लागला.

मराठीत आल्यावर या अडचणीत आणखी भर पडते. पहिल्या दोन सूत्रांकरिता आपण 'स्थान' आणि 'स्थळ' हे शब्द वापरतो. परंतु बोलीत या दोहोंत फारसा भेद नाही. 'देवस्थान' आणि 'तीर्थस्थळ' या शब्दांत स्थान कोणते आणि स्थळ कोणते, हे कोण सांगू शकेल? म्हणून अध्यापकाने हा भेद व्याख्येने न शिकविता प्रश्नाने शिकवावा. 'ते कोठे आहे, आणि कशाच्या संदर्भात?' हा स्थानाचा प्रश्न. 'तेथे असणे म्हणजे काय?' हा स्थळाचा. यी-फू तुआन यांनी १९७७ मध्ये अवकाश आणि स्थळ यांचा जो विचार केला, त्याचे सार या दुसऱ्या प्रश्नातच आहे. अवकाशाला माणसाच्या अनुभवाने अर्थ आला की त्याचे स्थळ होते.

'प्रदेश' या शब्दाची अडचण निराळी आहे. मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश अशा राज्यांच्या नावांमुळे सीमा आधीच आखलेला भूभाग म्हणजे प्रदेश, असे विद्यार्थ्याच्या मनात ठसलेले असते. वास्तविक, प्रदेश कसे घडतात हे शिकविण्यास आपल्या भाषेइतके उत्तम साधन नाही. घाटमाथा, मावळ, देश, खोरे, आणि कोकणातील वलाटी व खलाटी, ही नावे कोणत्याही शासनाने काढलेल्या आदेशातून आलेली नाहीत. उतार, पाऊस, पीक आणि वाट यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करणाऱ्या लोकांनी केलेली ती वर्गवारी आहे. खलाटी कोठे संपते आणि वलाटी कोठे लागते याची रेघ कोणी मारलेली नसते, तरीही हा भेद खरा असतो. ही गोष्ट ज्याला उमगली त्याला प्रदेश ही कल्पना अर्धी अधिक समजली असे म्हणावयास हरकत नाही.

४

कोणत्याही योजनेची परीक्षा उदाहरणावर व्हावी. त्यासाठी येथे कोयना खोऱ्याचा विचार करू. कारण पाचही सूत्रे एकाच ठिकाणी इतक्या ठळकपणे क्वचितच आढळतात.

प्रथम कप्प्यांच्या पद्धतीने उत्तर लिहून पाहावे. स्थान : कोयना धरण सुमारे १७ अंश २४ मिनिटे उत्तर अक्षांश व ७३ अंश ४५ मिनिटे पूर्व रेखांश येथे, सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आहे. स्थळ : डोंगराळ भाग, अतिवृष्टी, दाट वने, बेसाल्ट खडक. मानव-पर्यावरण आंतरक्रिया : माणसाने धरण बांधून वीज निर्माण केली. अभिसरण : कुंभार्ली घाटातून कऱ्हाड ते चिपळूण हा रस्ता जातो. प्रदेश : पश्चिम महाराष्ट्र. या उत्तरातील एकही विधान चूक नाही, आणि परीक्षक त्यास पूर्ण गुण देईल. तरीही हे उत्तर वाचून कोयनेविषयी जे जाणून घ्यावयास हवे त्यातले काहीही कळत नाही.

आता तीच पाच सूत्रे प्रश्न म्हणून विचारावीत. कोयना महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते, आणि कृष्णेच्या इतर उपनद्यांप्रमाणे लगेच पूर्वेकडे न वळता सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे बरेच अंतर वाहत जाते. हेळवाकजवळ ती पूर्वेस वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. या दक्षिणवाही टप्प्यात नदीच्या पश्चिमेस डोंगराची एकच भिंत आहे, आणि तिच्या पलीकडे जमीन एकदम कोकणात उतरते. स्थानाचा खरा अर्थ येथे आहे, आणि तो अक्षांश-रेखांशांतून कळत नाही. उंचावर साठणारे विपुल पाणी आणि अगदी जवळ असलेला शेकडो मीटरांचा उतार यांच्या शेजारामुळेच येथे जलविद्युत प्रकल्प संभवला. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिवाजीसागर जलाशय भरू लागला. त्याचे पाणी डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडण्यात आले. तेथून ते वाशिष्ठी नदीत, म्हणजे चिपळूणमार्गे अरबी समुद्रात जाते. निसर्गक्रमाने जे पाणी बंगालच्या उपसागरास मिळावयाचे, त्याचा मोठा भाग अशा रीतीने अरबी समुद्रास मिळू लागला.

हे समजल्यावर पुढील प्रश्न आपोआप उभे राहतात. अभिसरण म्हणजे केवळ घाटरस्ता राहत नाही. पाणी पश्चिमेस जाते आणि वीज दूरच्या शहरांकडे व कारखान्यांकडे जाते. याच डोंगराळ भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आली. गिरण्यांत आणि माथाडी कामात पाटण व जावळीकडील श्रमिकांचा वाटा सर्वश्रुत आहे. धरणाच्या पाण्याखाली गावे गेलेल्या कुटुंबांना तर खोरे सोडून दूरच्या जिल्ह्यांत वसावे लागले, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अनेक दशके रेंगाळले. पाणी, वीज आणि माणसे हे तिन्ही प्रवाह एकाच नकाशावर काढून पाहावेत. एका स्थळाचे दुसऱ्या स्थळाशी असलेले नाते समतेचे असतेच असे नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याला व्याख्यानावाचून समजेल. डोरीन मॅसी यांनी १९९१ मध्ये स्थळाच्या जागतिक जाणिवेविषयी लिहिताना हाच मुद्दा मांडला होता. अभिसरणात सर्वच सहभागी असतात, पण ते चालविणारे थोडे असतात आणि त्याच्या ओघात ओढले जाणारे पुष्कळ असतात.

मानव-पर्यावरण आंतरक्रियेचे सूत्र वर्गात सामान्यतः तीन क्रियापदांत सांगितले जाते. मनुष्य परिसरावर अवलंबून राहतो, परिसराशी जुळवून घेतो आणि परिसर बदलतो. कोयनेच्या संदर्भात या वाक्यांतील 'मनुष्य' कोण, हे विचारताच सूत्राची ढिलाई उघडी पडते. अवलंबून राहिले ते शहर. जुळवून घ्यावे लागले ते बुडालेल्या गावास. आणि बदल घडविला तो शासनाने व अभियंत्यांनी. या तिघांना एकाच नामाखाली आणणे व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी भूगोलदृष्ट्या दिशाभूल करणारे आहे.

प्रदेशाचा प्रश्न तर सर्वांत कठीण ठरतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, नवजा-कोयनानगर परिसरात, वर्षास कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. कोयनेचे पाणी कोणत्या प्रदेशाचे? ते ज्या कृष्णा खोऱ्यात पडते त्याचे, ज्या कोकणात ते उतरते त्याचे, की ज्या राज्याच्या सीमेत धरण उभे आहे त्याचे? हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादापुढे खोऱ्याबाहेर पश्चिमेस वळविल्या जाणाऱ्या पाण्याचा विषय आला, आणि त्या पाण्यावर वार्षिक मर्यादा घालण्यात आली. ज्याला विद्यार्थी पाचवा कप्पा समजतो, त्याच्या व्याख्येवर कोट्यवधी लोकांच्या पाण्याचा हिस्सा ठरतो.

५

याच उदाहरणातून योजनेतील दोन मूलभूत उणिवाही स्पष्ट होतात.

पहिली उणीव काळाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेच्या घरात माणसे मृत्युमुखी पडली आणि वसाहतीची मोठी हानी झाली. तोवर दख्खनचे पठार हा भूकंपाच्या दृष्टीने स्थिर भाग मानला जात असे. जलाशय भरल्यानंतर तेथे धक्क्यांचे प्रमाण वाढले होते. जलाशयाचा भार आणि भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणाखाली असलेले प्रस्तरभंग सरकू शकतात, या मताच्या पुष्टीसाठी कोयनेचे उदाहरण आज जगभर दिले जाते. तेथे भूकंप आजही होत असतात. त्यांची कारणे शोधण्यासाठी कऱ्हाड येथील संशोधन संस्थेच्या वतीने तीन किलोमीटर खोलीचे वेधनही करण्यात आले आहे. त्या वेधनात सुमारे एक किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी पाया आढळला. आता हा भूकंप पाच सूत्रांपैकी कोणत्या सूत्राखाली घालावयाचा? तो स्थळाचा गुणधर्म म्हणावा, तर १९६० पूर्वीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो गुणधर्म नोंदविलेला नसता. आंतरक्रिया म्हणावा, तर खडकातील ताण माणसाने निर्माण केलेला नव्हता. येथे पॅटिसन यांच्या चौथ्या परंपरेची उणीव भासते. प्राकृतिक प्रक्रियेचा स्वतंत्र अभ्यास नसेल, तर परिसराने माणसास दिलेले उत्तर आपल्याला ऐकूच येत नाही. शिवाय स्थळाचे गुणधर्म काळाबरोबर बदलतात. ज्या काठांवरून गावे उठली त्याच काठांवर १९८५ मध्ये अभयारण्य आणि २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. 'स्थळ कसे आहे' या प्रश्नास तारखेवाचून उत्तर देता येत नाही.

दुसरी उणीव आवाक्याची. धरणाच्या भिंतीजवळ उभे राहिल्यास कोयना हे अभियांत्रिकीचे यश दिसते; बुडालेल्या गावाच्या आवाक्यात ते विस्थापन ठरते; राज्याच्या आवाक्यात ऊर्जेचा आधार, नदीखोऱ्याच्या आवाक्यात पाण्याचा तंटा, आणि भूकवचाच्या आवाक्यात एक अनपेक्षित प्रयोग. वस्तू एकच असताना आवाका बदलताच तिचे सत्य बदलते. पाच सूत्रांत आवाक्याविषयी एक शब्दही नाही. १९९४ च्या मानदंडांनी आणि नंतरच्या विचारवंतांनी ही उणीव बऱ्याच अंशी ओळखली. परंतु वर्गात रूढ असलेल्या पाच सूत्रांत ती तशीच आहे.

६

या चिकित्सेवरून पाच सूत्रे टाकून द्यावीत असा निष्कर्ष कोणी काढू नये. संक्षेप हा दोष नव्हे. संक्षेपात गळालेले शब्द परत आणले म्हणजे पुरे. त्या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली : सूत्रे पाच निरनिराळ्या उदाहरणांवर न शिकविता एकाच उदाहरणावर शिकवावीत. स्थानाला एक शहर, अभिसरणाला एक बंदर आणि प्रदेशाला एखादे वाळवंट अशी वाटणी केली की कप्पे पक्के होतात. एकाच खोऱ्याला, एकाच बाजारगावाला अथवा एकाच कालव्याला पाचही प्रश्न विचारले, की प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाला जन्म देते.

दुसरी : प्रत्येक प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. 'केव्हा?' आणि 'किती मोठ्या आवाक्यात?' हे दोन पूरक प्रश्न जोडल्यास १९८४ च्या योजनेतील दोन्ही उणिवा नवे सूत्र न वाढविता भरून निघतात.

तिसरी : 'मनुष्य' हा शब्द उत्तरात आला की त्याचे नाव, गाव आणि व्यवसाय विचारावा. धरण बांधणारा, बुडणारा, वीज वापरणारा आणि खाली पाण्याची वाट पाहणारा, हे सारे मनुष्यच आहेत. पण भूगोलाला त्यांच्यातील अंतर मोजावयाचे असते.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही पाच सूत्रे शालेय वाटण्याचा संभव आहे. त्याने आपल्या प्रबंधाचे क्षेत्र घेऊन त्यास हे प्रश्न क्रमाने विचारून पाहावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात संपते तेथे त्याचा अभ्यास अद्याप सुरू झालेला नाही असे समजावे. आणि जेथे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावाचून देताच येत नाही, तेथे संशोधनास प्रारंभ करावा.